मामी, काचेवरचं पुढचं सांगायचं राहिलं

मामी, इथं लोक विचारतात, गावाला कशाला गेला होतास, कोण वारलं? मी म्हणतो, मामी. त्यावर ते "अच्छा, मामी का" म्हणतात आणि लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागतात. आई म्हटलं असतं तर जरा थांबले असते. पण तसं म्हटलेलं तुलाच चाललं नसतं. लहानपणी तोंडातून चुकून आई निघालं की तू हातातलं काम थांबवून ऐकवायचीस, "तुनी माय ती तुनी माय. मी मामी शे." आई जाऊन तेव्हा फार दिवस झालेले नव्हते. मला वाटायचं, एवढं काय बिघडलं असतं तुझं?

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे तुझ्याशी बोलणं अर्धं राहिलंय. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, घरी आलो की समोर बसून पुरं करणार होतो. आखाजी आली तेव्हा तू नव्हतीस. आणि त्याच अर्ध्या राहिलेल्या बोलण्यावर माझं एक उत्तर अडलं होतं. समाधानला द्यायचं उत्तर.

तुझ्या दहाव्याला सगळी पांगल्यावर तुझा समाधान माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसला. डोकं भादरलेलं, त्यामुळं एकदम शाळेतल्यासारखा दिसत होता. म्हणाला, "योगा, यंदा तं दुखवटा, कानबाई बसाव नही. पन पुढला श्रावणमा तुनी मूठ आपला रोटमा धरसूत. आते नही म्हनाले कोन शे?"

त्यानं ते मायेनं म्हटलं, मामी. एवढं बोलून तो स्वतःच रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि "सांगतो" म्हणालो. ज्या गोष्टीसाठी मी सगळं लहानपण तुझ्याशी भांडलो ती कुणीतरी हातात आणून देत होतं, आणि माझ्या तोंडून हो निघेना. गाडीत बसल्यावर मला धास्ती वाटायला लागली. उशीर केला तर तोही शब्द मागे घेईल. मग मी कुणाच्या घरचा?

इथं कोकणात कुणाला रोट माहीत नाही. आमच्या कामाच्या जागी येणाऱ्या अनघा मॅडमना मी सांगितलं होतं ते असं, की आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई बसवतात. नारळाला देवी म्हणून सजवतात, कुठंकुठं गेलेली भाऊकी त्या दिवशी एका घरात जमते. घरातल्या प्रत्येक पुरुष माणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात, अगदी पाळण्यातल्या पोराच्याही. ते एकत्र दळायचे, त्याचे रोट करायचे. आणि ते रोट फक्त भाऊकीनं खायचे. बाहेरच्याला तुकडासुद्धा नाही. मॅडमनी विचारलं, "बाहेरचा म्हणजे कोण?" मी म्हणालो, "म्हणजे मी."

मामा होता तोवर तोच सुपात मूठ टाकायचा आणि एकेक नाव घ्यायचा, ते मी दाराच्या चौकटीला टेकून ऐकायचो. गेलेल्या आजोबांच्या मागून चुलत्यांची नावं, त्यांच्या पोरांची, समाधानचं. मुंबईला असलेल्या, कधी न येणाऱ्या चुलत्याचंसुद्धा. नावं संपली की मामा सूप उचलायचा. मी भाचा. माझं कुळ वेगळं, माझं आडनाव वेगळं. ते मला कळत नव्हतं असं नाही. पण मी त्याच घरात झोपायचो, त्याच बैलाला पाणी पाजायचो.

आणि तू काय करायचीस? रोटाची कणीक भिजवायच्या आधी दुसऱ्या डब्यातलं पीठ काढून मला पोळी करून द्यायचीस. तसाच गूळ, तसंच तूप. चुलीसमोर बसवून गरम गरम वाढायचीस. मी म्हणायचो, "मामी, एक मूठ माझी टाक ना, कुणाला कळणारे?" तू पोळी उलटत म्हणायचीस, "तुना रोट तठे शे, धुयाकडे. आठे कसा धरू?" मी म्हणायचो, तिकडं मला कोण ओळखतं? तू म्हणायचीस, "वयखतीन." बस, तेवढंच. पुढं कधी काही समजावलं नाहीस.

एकदा तू मला चाळीसगावहून बसमध्ये घालून धुळ्याकडे काकांच्या गावी घेऊनही गेलीस. बाप मी चालायला लागायच्या आत गेलेला, त्यामुळं तिथली माणसं मला नवीनच. मी सगळा वेळ तुझ्या पदराला धरून होतो. तू सुपाजवळ मला ढकललंस आणि स्वतः लांब ओसरीवर जाऊन बसलीस, कारण तिथं बाहेरची तू होतीस. माझं नाव घेतलं गेलं ते मी ऐकलंच नाही. मी तुझ्याकडे बघत होतो, तू निघून तर जात नाहीस ना म्हणून. घरी आल्यावर मी ताप काढला. पुढं एकदोनदाच गेलो, आणि मग शाळा सोडली तसं तिकडं जाणंही सोडलं. पुढं दरवर्षी तू विचारायचीस, "धुयाले जास का?" आणि मी नाही म्हणायचो. आपलं भांडण तिथंच थांबलेलं होतं, विहिरीवरच्या बंद मोटारीसारखं. गंज चढलेला, पण जागेवरच.

तसा मी वाढलो ते तुझ्याच ताटात, हे मला रोज आठवतं. नववीत शाळा सोडली तेव्हा मामा आठवडाभर बोलला नाही. तू म्हणालीस, हात चालतात ना त्याचे, मग झालं. जळगावला पाइपाच्या कारखान्यात लागलो, ठिबकची फिटिंग शिकलो. मग आंब्याच्या बागांची फिटिंग करायला कोकणात आलो तो इथंच राहिलो. तू सगळ्यांना सांगायचीस, आमचा योगा समुद्राला पाइप लावतो. खोटं नाही म्हणा. हे कोळंबीची पिल्लं तयार करायचं केंद्र आहे, त्याला समुद्राचं पाणी लागतं, आणि ते ओढणारा पाइप माझ्या ताब्यात. पाइपाचं तोंड खाली खडकात आहे. त्याच्या जाळीवर सारखं काहीतरी उगवतं, आणि जाळी बुजली की पाणी थांबतं. मग मला पाणबुड्याचा मुखवटा लावून खाली उतरावं लागतं. विहिरीत पोहायला शिकलेला माणूस मी, समुद्राची अजूनही भीती वाटते. वर येऊन पहिला फोन तुलाच करायचो. "वर ऊना का?" वर आलास का, एवढंच तू विचारायचीस.

त्या जाळीवर आणि खालच्या खडकांवर जे बसतं त्याला इथले लोक नुसतं घाण म्हणतात. मीही खरवडून फेकायचो. अनघा मॅडम समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करतात, त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी बादलीत खरवड टाकत होतो आणि त्या म्हणाल्या, "योगेशदादा, जरा थांबा, हे टाकू नका." सी स्क्वर्ट म्हणतात त्याला. दाबलं की पिचकारीसारखं पाणी उडवतं. काही एकेकटे असतात, बोटाएवढे. पण आमच्या खडकावर आहेत ते वसाहत करून राहणारे. एका मऊ पातळ कातडीत शेकडो बारके जीव, एकेक तांदळाच्या कणीएवढा. फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल बसतात. पाणी आत घ्यायचं तोंड ज्याचं त्याचं, पण बाहेर सोडायची वाट मधे, सगळ्यांची एकच. रक्तसुद्धा एकातून दुसऱ्यात फिरतं.

तुला आठवतंय ना, मी फोनवर दाखवलं होतं? पांढऱ्या टबात ती केशरी वसाहत ठेवली होती आणि तू चष्मा पुसून आलीस.

"हाई तं जिलेबीनं पीठ सांडेल दिखस."

"जिवंत आहे ते, मामी."

"जित्तं शे? मंग तेले जेवाले कोन देस?"

तुझा पहिला प्रश्न नेहमी हाच. मी सांगितलं की ते पाणी गाळून त्यातलं बारीकसारीक खातात. तू म्हणालीस, म्हणजे आपल्या ठिबकच्या फिल्टरसारखं. मी म्हणालो हो, अगदी तसं. मग मी सांगितलं की यांचं काळीज थोडा वेळ रक्त एका बाजूला ढकलतं, मग थांबून उलट्या बाजूला. तू म्हणालीस, तुझा मामा असाच होता, सकाळी एक बोलायचा, दुपारी दुसरं. मागून समाधान हसलेला ऐकू आला. मॅडम पलीकडेच काम करत होत्या, त्यांनाही हसू आलं. तू म्हणालीस, "त्या बाईले इचार, जेवनी का?"

मग मॅडमनी काचेवरचं काम सुरू केलं. काचेच्या पट्टीवर या वसाहतीचा एक तुकडा लावायचा, शेजारी दुसऱ्या वसाहतीचा, आणि पट्टी पाण्यात टांगायची. ते वाढत वाढत एकमेकांना टेकतात. टेकले की त्यांना कळतं, हा आपल्यातला की परका. कसं कळतं ते मॅडमनी सांगितलं, मला सगळं समजलं नाही. आपल्यातला असेल तर दोघांची कातडी एक होते, रक्ताच्या वाटा जुळतात, पुढं कुठला कोण ते दिसतच नाही. परका असेल तर मधे काळपट रेघ उमटते आणि दोघंही तिथंच थांबतात.

हे बघितलं त्या दिवशी मला राहवलं नाही. पंप सुरू करायच्या आधीच तुला फोन लावला. तू कापसाच्या वाती वळत बसली होतीस. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, "बघ मामी, यांच्यातही रोट आहे. आपल्यातल्याला घेतात, परक्यासमोर रेघ ओढतात."

तू वात वळायची थांबलीस. मी कुठं बोट ठेवलंय ते तुला बरोबर कळलं होतं.

"रेघ पडनी, मंग मरी ग्यात का त्या दोन्ही?"

"नाही. दोन्ही आहेत की."

"शेजारेच शेतस?"

"हो. चिकटूनच."

"मंग काय बोंब मारस?"

असं म्हणून तू हसलीस. माझ्या तोंडावर आलं होतं की मामी, रेघेच्या या बाजूनं बोलणं सोपं असतं. पण तितक्यात तुझ्याकडे कुणीतरी आलं आणि तू फोन ठेवलास. तुझं ते शेवटचं धड बोलणं. नंतर दवाखान्यातून बोललीस तेव्हा "जेवना का" आणि "वर ऊना का" एवढंच. मी तर त्या दिवशी उतरलोही नव्हतो.

मी पोचलो तेव्हा तुला पोचवून झालं होतं. इथून निघून गाड्या बदलत यायचं म्हणजे केवढं लांब पडतं, ते तुला माहीत आहे. समाधाननं राख सावडायला मला पुढं केलं, कुणाला न विचारता. मला भीती होती की कुणी म्हातारं माणूस म्हणेल, भाच्याचं काय काम. कुणी म्हणालं नाही. राख अजून कोमट होती.

त्याच दिवसांत समाधाननं मला एक सांगितलं. तो म्हणाला, लहानपणी कानबाईच्या दिवशी त्याला माझा राग यायचा. "आमले पूजा व्हस तोपावत उपाशी ठेवे, आन तू पहिले जेवे. गरम. माय तुनाजोडे बसे." मी तीस वर्षांचा झालो, मामी, आणि मला हे असंही दिसू शकतं हे कधी सुचलं नव्हतं. दाराच्या चौकटीला टेकून मी त्यांच्याकडे बघत होतो, आणि माजघरातून ते माझ्याकडे.

आता काचेवरचं पुढचं. दहाव्यानंतर मी परत आलो तेव्हा मॅडम त्याच पट्ट्या बघत होत्या. त्यातल्या एका पट्टीवर एक मोठी वसाहत होती आणि तिच्याच पिल्लापासून वाढवलेली दुसरी लहान. आई आणि लेकरूच म्हणायचं. ती दोघं टेकल्याबरोबर एक झाली होती, रेघ नाही, काही नाही. तीच पट्टी मी तुला सांगितली होती, किती छान जुळली म्हणून. मॅडमनी भिंग माझ्याकडे दिलं. मी बघितलं. मोठी होती. लहान नव्हती.

मी विचारलं, गळून पडली का? मॅडम म्हणाल्या, "नाही दादा. एक झाल्यावर बऱ्याचदा असं होतं. दोघांतला एक हळूहळू विरघळतो, दुसरा त्याला शोषून घेतो. दरवेळी नाही, पण होतं. भांडण वगैरे काही नसतं." मग त्यांनी शेजारची पट्टी दाखवली, रेघ पडलेली. दोन्ही तुकडे वाढले होते. एक केशरी, एक जांभळट. रेघ तशीच होती मधे, आणि तिच्या दोन्ही अंगांनी ते आपापलं पाणी गाळत होते.

मी बाहेर जाऊन पाइपावर बसलो. तू असतीस तर म्हणाली असतीस, माणूस काय दगडाला चिकटलेला असतो का, उगाच त्यांच्याशी आपलं जोडतोस. तेही खरं. समुद्रातल्या जिवानं काय केलं त्यावरून घरचे निकाल लावायचे नसतात. पण मला तिथं बसल्यावर आपली आठवण झाली ती वेगळीच झाली. मी समाधानच्या घरात असा काही मिसळून गेलो असतो की मला बाप होता, त्याचं एक गाव आहे, तिथल्या ओसरीवर कुणाला तरी माझं नाक बापासारखं वाटतं, हे मीच विसरून गेलो असतो. मामानं मला रोटात घेतलं असतं तर लोकांनी नावं ठेवली नसती. उलट वाहवा केली असती. सोपं तेच होतं. तू अवघड ते केलंस आणि माझा राग पोळीवर तुपासारखा वाढून घेतलास. आई म्हणू दिलं नाहीस ते माझ्या आईची जागा तुला नको होती म्हणून. ती जागा तू तशीच ठेवलीस. हे तुला विचारून घ्यायला हवं होतं, की असंच होतं ना? की मी तुझ्या माथी काहीतरी थोर मारतोय? तू असतीस तर "येडा" म्हणून विषय बदलला असतास, आणि मला कधीच कळलं नसतं.

मग मी समाधानला फोन केला. म्हणालो, "भो, तुझ्या रोटात नको. माझी मूठ धुळ्याकडे असते."

तो मग म्हणाला, "आमले परकं समजस का तू?"

"नाही रे."

"मंग?"

 मी पाइपावरचं, काचेवरचं सांगायला लागलो, तर तो म्हणाला, "योगा, माले काय तुना समुद्र समजत नही." आवाज दुखावलेला होता. "मामी म्हणायची तसं करतोय," मी म्हणालो. त्यावर तो एवढंच म्हणाला, "तठे तुले कोन वयखस आते?" अगदी माझं लहानपणीचं वाक्य. आणि फोन ठेवला.

 जे घर हो म्हणत होतं त्याला मी नाही म्हणून बसलो होतो, आणि दुसऱ्या घराला मी शाळा सोडल्यापासून तोंड दाखवलेलं नव्हतं. काकांचा नंबर होता, पण कधी लावलेला नव्हता. त्यांनी "कोण योगेश" म्हटलं असतं तर? आणि का म्हणू नये? दुपारभर मी एकाच व्हॉल्व्हचे नट आवळत बसलो. मॅडमनी विचारलं, तब्येत बरी आहे ना. संध्याकाळी शेवटी लावला.

"हॅलो, काका, मी योगेश बोलतोय. कोकणातून."

"कोन?"

मी बापाचं नाव सांगितलं.

"आरे, योगा. बोल ना मंग. तुनी मामीनं समजनं आमले. वाईट व्हयनं."

मी म्हणालो, वाईट झालं खरं. मग एकदम विचारून टाकलं, "काका, श्रावणात कानबाई बसवाल तेव्हा माझी पण मूठ धराल का?"

पलीकडे मागं कोंबड्या, कुणीतरी भांडी घासत होतं.

"आते का म्हनी राहिना तू?" काका म्हणाले. "तुनी मूठ तं दर सालले धरतस आम्ही."

"दरवर्षी?"

"मंग. श्रावण लागना का तुनी मामीना फोन ये. 'योगानी मूठ इसरू नका' म्हने. एक साल चुकं नही तिनं. तुले नही सांगं का तिनी?"

"नाही."

"नही सांगं? मंग आसू दे." काका थोडं खाकरले. "कालदिनच तुनी काकी म्हने, यंदा फोन कोन करी?"

 काकांना वाटलं रेंज गेली, ते हॅलो हॅलो करत राहिले. मग मी म्हणालो, "काका, यंदा मीच करतोय. माझी मूठ विसरू नका."

"श्रावण आजून लांब शे रे," काका म्हणाले. "आन फोन कसाले? तू ये. तुना हाते टाक."

मी येतो म्हटलं, मामी.